फाउंड्रीत दीड वर्ष पॉवर बीआय वापरल्यावरचा अनुभव: घ्यावं का, आणि घेतलं तर काय सांभाळावं

कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत एका मध्यम फाउंड्रीत (धातू वितळवून, साच्यात ओतून कास्टिंग म्हणजे भाग बनवायचा कारखाना) मी एमआयएस बघते, म्हणजे रोजचे आकडे गोळा करायचे, रिपोर्ट काढायचे, मालकांसमोर ठेवायचे. दीड वर्ष झालं आम्ही पॉवर बीआय, म्हणजे आकड्यांचे रिपोर्ट आणि चार्ट बनवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, वापरतोय. यूट्यूबवर बघाल तर सगळे निळे-जांभळे चार्ट दाखवतात, पण आमच्यासारख्या कारखान्यात हे बसवताना नक्की काय होतं ते मराठीत कुणी नीट लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. मोठं झालंय, पण ज्याला खरंच घ्यायचं आहे त्याच्या उपयोगी पडेल.

आधी काय होतं ते सांगते. रोज सकाळी साडेनऊला मीटिंग. प्रॉडक्शनची एक एक्सेल, क्वालिटीची एक एक्सेल, अकाउंट्सचं टॅलीतून काढलेलं, आणि डिस्पॅचची माझी चौथी फाइल. मालक विचारायचे, काल रिजेक्शन (खराब निघालेला माल) किती? प्रॉडक्शनवाले म्हणायचे चार टक्के, क्वालिटीवाले म्हणायचे सात टक्के, आणि पुढची वीस मिनिटं आकडा कुणाचा खरा यातच जायची, रिजेक्शन का झालं याच्याकडे वळेपर्यंत निम्मी माणसं घड्याळ बघायला लागायची. खरं सांगायचं तर दोघांचेही आकडे बरोबर होते. प्रॉडक्शन वजनावर काढत होतं आणि क्वालिटी नगावर. छोटं कास्टिंग जास्त जातं, ते नगात मोठं दिसतं आणि वजनात काहीच दिसत नाही. त्यात कस्टमरकडून परत आलेला माल क्वालिटीवाले परत आल्याच्या महिन्यात धरायचे, पण तो ओतलेला असायचा दोन महिने आधी. हे सगळं मला कधी कळलं, तर डॅशबोर्ड (सगळे आकडे एका स्क्रीनवर दाखवणारं पान) करायला बसल्यावर. कारण तिथे "रिजेक्शन" म्हणून एकच फॉर्म्युला लिहावा लागतो, आणि तो लिहायचा म्हटल्यावर सगळ्यांना एका टेबलाला बसावं लागलं. माझ्या मते या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, चार्ट वगैरे नंतरचं.

घेताना आम्ही तीन गोष्टी बघितल्या. गूगलचा लुकर स्टुडिओ (आधी याला डेटा स्टुडिओ म्हणायचे, २०२२ मध्ये नाव बदललं), चेन्नईच्या झोहोचं झोहो अॅनालिटिक्स, आणि मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय. लुकर स्टुडिओ फुकट आहे आणि डेटा गूगल शीटमध्ये असेल तर त्याच्याइतकं सोपं काही नाही, माझ्या भावाचं राजारामपुरीत दुकान आहे त्याला मी तेच करून दिलंय आणि तो खूश आहे. पण आमचा ईआरपी (कारखान्याच्या सगळ्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) ऑफिसातल्या सर्व्हरवर, एसक्यूएल डेटाबेसमध्ये. लुकर स्टुडिओला तिथपर्यंत पोचवायचं म्हणजे सर्व्हरला बाहेरून रस्ता उघडून द्यायचा, ते आम्हाला नको होतं. झोहोचं मला आवडलं होतं, शिकायला सोपं वाटलं, पण आमचं मेल आणि एक्सेल सगळं आधीपासून मायक्रोसॉफ्टचं, लॉगिन तेच चालणार होतं, म्हणून पॉवर बीआय. एक फायदा असा की रिपोर्ट बनवायचं जे डेस्कटॉप आहे ते फुकट मिळतं, आधी शिकून करून बघता येतं आणि मग पैसे भरायचे. फक्त ते विंडोजवरच चालतं, मॅकवाल्यांनी लक्षात ठेवा.

थोरल्या साहेबांची पहिली शंका होती ती प्रत्येक मालकाची असते: "आपले रेट, आपली गिऱ्हाइकं, सगळं अमेरिकेला जाणार का?" शंका बरोबरच आहे, ज्यानं चाळीस वर्षं धंदा केला त्याला विचारायचा हक्क आहे. मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर २०१५ पासून पुणे, मुंबई, चेन्नईला आहेत. आपला डेटा नक्की कुठे ठेवलाय ते पॉवर बीआयच्या साइटवर वर उजवीकडे प्रश्नचिन्ह असतं तिथे "अबाउट" मध्ये गेलं की लिहिलेलं दिसतं. आमचं उघडलं तर सेंट्रल इंडिया, म्हणजे पुणे. साहेबांना ते स्क्रीनवर दाखवलं, त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि मग सही केली. पण हे अकाउंट उघडताना कुठला देश निवडला त्यावर ठरतं, म्हणून पहिल्या दिवशीच बघा, नंतर बदलणं म्हणजे मोठं काम होऊन बसतं.

आता खरं काम. आम्हाला वाटलं होतं पंधरा दिवसांत डॅशबोर्ड तयार. डॅशबोर्ड आठ दिवसांत झाला सुद्धा, पण उघडून बघितला तर ब्लोहोल (कास्टिंगमध्ये वायू अडकून पडलेलं भोक) या एकाच डिफेक्टचे सहा बार वेगवेगळे. कारण एन्ट्री करताना कुणी ब्लोहोल जोडून लिहिलंय, कुणी तोडून, कुणी बी.एच., कुणी गॅस, रात्रपाळीच्या एकानं तर सरळ "भोक" लिहिलंय. तसंच सँड ड्रॉपचं (साच्यातली वाळू सुटून पडल्यानं होणारा डिफेक्ट), तसंच पार्ट नंबरचं, शेवटी एक स्पेस जास्त पडली तरी मशिनला तो वेगळा पार्ट. कस्टमरच्या नावाचं तर विचारूच नका. हे निस्तरायला आम्हाला दोन महिने लागले. पॉवर क्वेरी म्हणून त्यात एक भाग आहे (एक्सेलमध्ये पण असतो, २०१६ पासून आतच येतो), त्यात जुना डेटा साफ करता येतो आणि एकदा पायऱ्या लावल्या की दर वेळी आपोआप होतो, पण नवीन कचरा यायचा थांबवायचा तर एन्ट्रीलाच लगाम पाहिजे. आम्ही क्वालिटीच्या माणसांबरोबर बसून डिफेक्टची एकच यादी केली, २३ कोड, प्रत्येकाचा फोटो, आणि ईआरपीमध्ये टाइप करायची जागा बंद करून ड्रॉपडाउन दिलं. ज्यांना हे सॉफ्टवेअर घ्यायचं आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, लायसन्सचे पैसे भरायच्या आधी हे काम करा. मी आधी केलं नाही त्यामुळे पहिले दोन महिने लायसन्स चालू आणि डॅशबोर्डवर कुणाचा विश्वास नाही अशी अवस्था होती, आणि एकदा माणसांचा विश्वास उडाला की परत बसवायला लई वेळ लागतो.

पण त्यानंतर जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. डेटा साफ झाल्यावर मी एक साधा तक्ता केला, आडवे डिफेक्ट, उभे दिवसाचे तास, आणि जिथे रिजेक्शन जास्त तिथे रंग गडद. काही कल्पना न ठेवता केलेला, नुसतं बघू म्हणून. तर कोल्ड शटच्या कॉलमात रात्री आठच्या घरात एक गडद चौकोन, आणि तो प्रत्येक महिन्यात तिथेच. सेकंड शिफ्टची जेवणाची सुट्टी साडेसात ते आठ. मेल्टिंगला आमचे एक जुने सुपरवायझर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांना बोलावून दाखवलं. ते स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, सुट्टीत लॅडल रिकामी उभी असती, गार पडती. पहिल्या हीटचं मेटल तिच्यात गेलं की तिथंच ताप उतरतोय. हे मी किती येळा सांगितलंय, पण बोलण्याला कोण मानतंय." लॅडल म्हणजे वितळलेला धातू भट्टीपासून साच्यापर्यंत न्यायचं भांडं, आणि हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू. पातळ भिंतीचं कास्टिंग असलं की धातू मोल्डमध्ये पूर्ण धावायच्या आधी गोठतो, दोन बाजूंनी आलेला धातू नीट जुळत नाही आणि शिवण दिसते, तो कोल्ड शट. उपाय मामांकडेच होता, सुट्टी संपायच्या वीस मिनिटं आधी एकानं जाऊन लॅडलवर बर्नर लावायचा. तेवढंच. पुढच्या तीन महिन्यांत तो चौकोन फिका होत गेला, आणि मी मीटिंगमध्ये तिन्ही महिन्यांचे तक्ते शेजारी शेजारी लावून दाखवले तेव्हा मामांना मुद्दाम पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. तीस वर्षं भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाचं म्हणणं आकड्यात दिसलं म्हणून ऐकलं गेलं. त्या दिवशी मला वाटलं की या कामाला अर्थ आहे.

आता त्रासाच्या गोष्टी, आणि यातल्या बऱ्याच आपल्याकडे हमखास येणार म्हणून नीट सांगते.

पहिलं म्हणजे लाख-कोटी. चार्टवर आकडा छोटा करून दाखवायची जी सोय आहे ती हजार, मिलियन, बिलियनची. आमच्या मीटिंगमध्ये "४.७ मिलियन" म्हटलं तर सगळे एकमेकांकडे बघणार. त्यासाठी वेगळा फॉर्म्युला लिहून लाखात आणि कोटीत भागून दाखवावं लागतं. एकदा केलं की झालं, पण करावं लागतं. तसंच आर्थिक वर्ष. तारखेचे तयार भाग जानेवारीपासून धरतात, आपलं एप्रिल ते मार्च, म्हणून स्वतःचं कॅलेंडरचं टेबल करायचं आणि त्यात क्वार्टर आपल्या हिशोबानं टाकायचे, नाहीतर एप्रिलचा सेल दुसऱ्या क्वार्टरमध्ये दिसेल आणि अकाउंट्सवाले तुम्हाला सोडणार नाहीत.

दुसरं घड्याळाचं, आणि हे सापडायला मला आठवडा गेला. आमचे साहेब पहाटे पाचला रंकाळ्याला फिरायला जातात आणि चालता चालता मोबाइलवर ॲप उघडतात. त्यांना "आज" म्हणून जो आकडा दिसायचा तो कालचा असायचा, आणि मी नऊला येऊन उघडलं की सगळं बरोबर! मी म्हणायचे बरोबर आहे, ते म्हणायचे नाही. शेवटी कळलं की क्लाउडवर आजची तारीख काढणारं फंक्शन आपल्या वेळेनं चालत नाही, यूटीसी या जागतिक वेळेनं चालतं, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. पहाटे साडेपाचपर्यंत तिथे कालचाच दिवस चालू असतो. आपल्या कॉम्प्युटरवर डेस्कटॉपमध्ये बघितलं तर चूक दिसतच नाही कारण तिथे आपलं घड्याळ धरतं. फॉर्म्युल्यात साडेपाच तास मिळवले आणि सुटलं. त्याच्याच जोडीला शिफ्टचा दिवस: आमची रात्रपाळी अकरा ते सात, पण रात्री दोनला ओतलेली हीट कारखान्याच्या भाषेत आदल्या दिवसाची. म्हणून दिवस सकाळी सातला सुरू होतो असं वेगळं लिहावं लागलं. ज्यांच्याकडे तीन पाळ्या चालतात त्यांनी हे पहिल्याच आठवड्यात करून घ्या.

तिसरं गेटवे. डेटा ऑफिसच्या सर्व्हरवर आणि रिपोर्ट क्लाउडवर, तर मध्ये एक गेटवे नावाचं सॉफ्टवेअर कुठल्यातरी एका पीसीवर टाकावं लागतं, आणि तो पीसी कायम चालू पाहिजे, इंटरनेटसकट. आमचा टाकला होता स्टोअरच्या पीसीवर. दिवाळीत लक्ष्मीपूजन झाल्यावर स्टोअरच्या पोरानं शिस्तीत सगळे पीसी बंद केले, त्याची काहीच चूक नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. डेटा यायचा बंद. आणि यात एक नियम आहे की ठरलेला रिफ्रेश (नवीन डेटा ओढून घेणं) ओळीनं चार वेळा फेल गेला की वेळापत्रकच बंद होतं, मग पीसी नंतर चालू केला तरी रिफ्रेश आपोआप सुरू होत नाही, आत जाऊन परत चालू करावा लागतो. फेल झाल्याची मेल येते, पण ती येते रिपोर्टच्या डेटाचा जो मालक म्हणून नोंदलाय त्याला. आणि तो मालक होता आम्हाला हे बसवून देणारा कन्सल्टंट! त्यानं सगळं स्वतःच्या नावानं केलेलं, काम संपल्यावर तो गेला, मेल त्याच्याकडे जात राहिल्या आणि आम्ही भाऊबीजेनंतर चार दिवस जुना स्टॉक बघून डिस्पॅच ठरवत होतो. एका कस्टमरला गाडी पाठवतो म्हणून शब्द दिला आणि माल शिल्लकच नव्हता. फोनवर माफी मला मागावी लागली, ते मी विसरलेले नाही. सेटिंगमध्ये "टेक ओव्हर" म्हणून बटण असतं, त्यानं मालकी आपल्याकडे घेता येते, आणि मेल अजून कुणाला जावी तेही टाकता येतं. कुणाकडूनही बसवून घ्या, पण शेवटचं बिल द्यायच्या आधी मालकी आणि अॅडमिनचे हक्क कंपनीच्या मेल आयडीवर आलेत का ते स्वतः डोळ्यांनी बघा. गेटवे आता आमच्या सर्व्हर रूममध्ये यूपीएसवर आहे आणि त्याच्यावर चिकटपट्टीनं लिहून ठेवलंय, बंद करू नये.

चौथं, कुणाला काय दिसतं ते. प्रत्येक मार्केटिंगवाल्याला फक्त त्याचेच कस्टमर दिसावेत अशी सोय यात आहे, ओळीनुसार बंधन घालता येतं, आणि चांगली चालते. पण ती फक्त ज्याला नुसतं बघायचा हक्क दिलाय त्यालाच लागू होते. वर्कस्पेसमध्ये (रिपोर्ट जिथे एकत्र ठेवतात ती जागा) एखाद्याला बदल करायचा हक्क दिला की त्याला सगळंच दिसतं. माझ्याकडून तशी चूक झाली होती, दोघांना वरचा हक्क दिला गेला आणि दोन दिवस सगळ्या कस्टमरचे किलोचे रेट त्यांना उघडे होते. माणसं चांगली म्हणून निभावलं, त्यांनीच येऊन सांगितलं. आणि "पब्लिश टू वेब" नावाचा एक पर्याय दिसतो तो कंपनीच्या डेटासाठी कधीही दाबू नका, त्यानं जी लिंक बनते ती कुणीही लॉगिनशिवाय उघडू शकतं. अॅडमिनला तो पर्याय सगळ्यांसाठी बंद करता येतो, आम्ही केलाय.

खर्च. आम्ही घेतलं तेव्हा प्रो लायसन्स माणशी महिन्याला १० डॉलर होतं, एप्रिल २०२५ पासून ते १४ डॉलर झालं. जीएसटी वेगळा. एक गोष्ट लोकांना उशिरा कळते की नुसता रिपोर्ट बघणाऱ्याला सुद्धा लायसन्स लागतं, फुकटच्या अकाउंटवर स्वतःपुरतं करता येतं, दुसऱ्यानं शेअर केलेलं बघता येत नाही (फार मोठ्या कंपन्या वेगळी कपॅसिटी घेतात त्यांचं निराळं). आमची नऊ लायसन्स आहेत. मालक, चार खातेप्रमुख, तीन मार्केटिंगवाले आणि मी. प्रोमध्ये दिवसाला आठ वेळाच रिफ्रेश होतो, म्हणजे याला लाइव्ह समजू नका. भट्टीचं तापमान आत्ता किती हे बघायचं हे साधन नाही, त्याला वेगळी सिस्टिम लागते. आम्ही आठ वेळा अशा लावल्यात की प्रत्येक शिफ्ट संपल्यावर अर्ध्या तासानं एक, मीटिंगच्या आधी एक, बाकीच्या डिस्पॅचच्या वेळेत, आणि आम्हाला तेवढं पुरतं.

शिकायला कसं आहे? एक्सेल नीट येत असेल तर चार्ट वगैरे दोन दिवसांत येतात. पॉवर क्वेरी महिनाभरात हाताला बसते. पण डॅक्स म्हणून जी फॉर्म्युल्याची भाषा आहे ती दिसते एक्सेलसारखी आणि वागते वेगळी, मला तिनं रडवलंय. एक्सेलमध्ये आपण एका खान्याचा विचार करतो, इथे समोर कुठले फिल्टर लागलेत त्यावर उत्तर बदलतं, हे डोक्यात बसायला मला तीन-चार महिने लागले. घरी पोरं झोपल्यावर रात्री बसून शिकले. ज्या बायका माझ्यासारख्या अकाउंट्सकडून किंवा डेटा एन्ट्रीकडून या कामात येतायत त्यांना मी सांगेन, घाबरू नका, बी.कॉम.वर पण येतं, फक्त स्वतःच्या कंपनीचा डेटा घेऊन शिका, क्लासमधल्या सायकल विकणाऱ्या नमुना कंपनीचा नको. आपला आकडा चुकला की आपल्याला लगेच टोचतं, म्हणून त्यात शिकणं होतं.

मराठीचं पण सांगते, कारण मला स्वतःला याचं फार कौतुक वाटलं. चार्टची नावं, फॉर्म्युल्यांची नावं, सगळं देवनागरीत टाकता येतं आणि कुठे बिघडत नाही. फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करायच्या) शेडमध्ये एक टीव्ही लावलाय, त्यावर "कालचं रिजेक्शन", "या महिन्यात", आणि सगळ्यात जास्त गेलेले तीन पार्ट, फोटोसकट. खाली हिंदीत पण आहे कारण आमच्याकडे बिहार-ओडिशाची बरीच माणसं आहेत. मुद्दाम माणसांची नावं टाकली नाहीत, कुणाच्या शिफ्टला किती गेलं हे तिथे दाखवत नाही. सुरुवातीला एकानं तसं सुचवलं होतं, मी स्पष्ट नको म्हटलं. आकडा माणसाला लाज आणायला वापरला की दुसऱ्या दिवसापासून एन्ट्री खोटी यायला लागते, आणि मग माझ्या डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसेल आणि माल मात्र कस्टमरकडून परत येत राहील.

अकाउंट्सवाले अजूनही "हे एक्सेलला काढून द्या" म्हणतात, आणि ते त्यात होतं, फक्त एका वेळी दीड लाख ओळींपर्यंतच एक्सेलमध्ये निघतात. आमच्याकडे तेवढं कधी लागत नाही. पहिल्यासारखी मी सगळी फाइल जोडत बसत नाही हे मात्र खरं, रोज सकाळी दीड तास जायचा तो वाचतो.

घ्यावं का, तर ज्यांचा डेटा एकाच एक्सेलमध्ये मावतो आणि बघणारी दोन माणसं आहेत त्यांनी घेऊ नये, त्यांना एक्सेल किंवा लुकर स्टुडिओ भरपूर झालं. ज्यांच्याकडे ईआरपी आहे, तीन-चार खाती आहेत आणि मीटिंगमध्ये आकड्यावरून भांडणं होतात त्यांनी जरूर घ्यावं, पण कंपनीतलाच एक माणूस त्याच्यासाठी तयार करावा, नुसत्या बाहेरच्या कन्सल्टंटवर सोडू नये. आम्ही यंदा दोन लायसन्स वाढवतोय. एक मेंटेनन्सला, कारण आता भट्टीच्या विजेच्या मीटरचं रीडिंग हीटनुसार जोडायचं काम घेतलंय, टनाला किती युनिट जातात ते बघायला. आणि दुसरं मामांना. त्यांना मोबाइलवर ॲप टाकून दिलं परवा, पासवर्ड पाठ व्हावा म्हणून त्यांनी तो दोनदा माझ्यासमोर टाकून बघितला आणि मग विचारलं, "आता हे रातपाळीला घरात बसून दिसंल नव्हं?" दिसेल म्हटलं.